एलसी३चा ब्लॉट पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

ऑटोफॅजीवर, म्हणजे पेशी स्वतःचेच भाग पचवते त्या प्रक्रियेवर, काम करणाऱ्या लॅबमध्ये नवीन आलात की बहुधा पहिलं काम मिळतं ते एलसी३ या प्रथिनाच्या वेस्टर्न ब्लॉटचं: प्रथिनं जेलवर वेगळी करायची, मेंब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने हवं ते प्रथिन शोधायचं. योशिनोरी ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या कामासाठी; आपण मात्र माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी वाढवतो आणि त्यांत काय चाललंय ते एलसी३ आणि पी६२ या प्रथिनांच्या अँटिबॉडींवरून ताडतो.

एलसी३चे दोन बँड दिसतात. लिपिड चिकटलेला एलसी३-टू (ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसतो तो हा) खरं तर जास्त वजनाचा, तरी जेलवर तोच पुढे पळतो, साधारण १४ किलोडाल्टनला. एलसी३-वन १६च्या आसपास राहतो. ते वेगळे दिसायला १५ टक्क्यांचं जेल लागतं आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ मेंब्रेन. ०.४५च्या मेंब्रेनमधून इतकं छोटं प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं, आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो.

आता खरा मुद्दा. तपासायचं औषध पेशींना दिल्यावर एलसी३-टू वाढला म्हणून ऑटोफॅजी वाढली, असं लगेच लिहू नका. लायसोसोममधलं, म्हणजे पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीतलं, विघटन अडलं तरी हाच बँड गडद होतो. म्हणजे धरणात पाणी साठलंय ते पाऊस वाढल्यामुळे की दरवाजे बंद असल्यामुळे, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. अँटिबॉडी फक्त पातळी दाखवते. म्हणून मी नवीन मुलांना आधी चार लेन लावायला सांगते: नेहमीचं माध्यम आणि उपाशी ठेवलेल्या पेशी, दोन्ही बॅफिलोमायसिनशिवाय आणि बॅफिलोमायसिनसह. बॅफिलोमायसिन हे लायसोसोममधलं विघटन अडवणारं रसायन; ते काही तासच द्यायचं. ते दिल्यावर एलसी३-टू किती वाढला, त्या फरकातून प्रवाह, म्हणजे ऑटोफॅजीतून खरंच किती पचतंय ते, कळतो. औषधाची पाळी त्यानंतर.

दोन बँडांचं गुणोत्तर काढायचा मोह होतो, तो टाळा. बऱ्याच अँटिबॉडी एलसी३-टूला जास्त घट्ट धरतात, शिवाय सॅम्पल पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की एलसी३-वन टिकत नाही. एलसी३-टूची तुलना अ‍ॅक्टिनशी करा; प्रत्येक लेनमध्ये किती प्रथिन भरलंय ते या प्रथिनावरून कळतं.

पी६२ स्वतःच ऑटोफॅजीत खाल्लं जातं, त्यामुळे प्रवाह वाढला की ते घटायला हवं. पण ऑक्सिडेटिव्ह ताणात त्याचं जनुकच जोरात चालू होतं, म्हणून एकट्या पी६२वर निष्कर्ष नको.

एलसी३ला लिपिड चिकटवायला लागणाऱ्या एटीजी५ या प्रथिनाचा बँड ३२ऐवजी ५५ किलोडाल्टनला दिसला तर घाबरू नका. बहुतेक एटीजी५ पेशीत एटीजी१२ या दुसऱ्या प्रथिनाला जोडलेलंच असतं.

अँटिबॉडी मागवताना माहितीपत्रकात नॉकआउट (त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या) पेशींचा ब्लॉट आहे का, ते मी आधी बघते. एटीजी५ नॉकआउट पेशी शेजारच्या लॅबकडे असतील तर त्यांचं लायसेट (पेशी फोडून केलेला द्राव) मागून घ्या: त्यात एलसी३-टू दिसता कामा नये. अँटिबॉडीचा नवीन लॉट (नवी खेप) आला की जुन्याच सॅम्पलवर दोन्ही लॉट शेजारी-शेजारी लावा, आणि लॉट नंबर त्याच दिवशी वहीत लिहा.