आधी उजवा हात: डायर स्ट्रेट्सची गाणी गिटारवर शिकणाऱ्यांसाठी

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडची गाणी मी गेली नऊ वर्षे गिटारवर वाजवत आहे आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे जवळजवळ वाया गेली. हे टोक म्हणजे त्यांच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ या गाण्याच्या शेवटी येणारा तो वेगवान तुकडा. गिटार हातात घेणाऱ्या बहुतेकांना तो सर्वांत आधी वाजवायचा असतो, तसा तो मलाही वाजवायचा होता. आज कोणी नवीन विद्यार्थी मला विचारतो, तेव्हा मी त्याला हा तुकडा निदान सहा महिने बाजूला ठेवायला सांगतो आणि उजव्या हाताकडे पाहायला सांगतो, कारण या बँडच्या गिटारचे सारे सौंदर्य तिथे आहे.

मार्क नॉफ्लर हे या बँडचे गायक, गीतकार आणि मुख्य गिटारवादक. त्यांचा जन्म १९४९ मध्ये ग्लासगोला झाला आणि लहानपण इंग्लंडच्या ईशान्येकडील भागात, न्यूकॅसलच्या परिसरात गेले. पूर्णवेळ संगीताकडे वळण्यापूर्वी त्यांनी लीड्समध्ये वृत्तपत्रात वार्ताहर म्हणून आणि पुढे कॉलेजात शिक्षक म्हणून काम केले. १९७७ मध्ये लंडनला बँड उभा राहिला, तेव्हा धाकटा भाऊ डेव्हिड दुसऱ्या गिटारवर, जॉन इल्स्ली बेसवर आणि पिक विदर्स ड्रम्सवर होते. पहिला अल्बम १९७८ मध्ये आला. नॉफ्लर स्वतः डावखुरे आहेत, पण गिटार उजव्या हाताच्या माणसासारखीच धरतात. त्यामुळे त्यांचा बळकट हात गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर तारा दाबण्याचे आणि खेचण्याचे काम करतो. छेडण्याच्या कामासाठी मात्र ते प्लेक्ट्रम, म्हणजे आपण ज्याला पिक म्हणतो ती प्लॅस्टिकची चकती, सहसा वापरत नाहीत. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा या तीन बोटांनी ते तारा छेडतात. अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली राहतात आणि हाताला आधार देतात.

ही गोष्ट मला वाचून माहीत होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता. ज्या क्लासमध्ये मी शिकत होतो, तिथे इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पिक असे समीकरण पक्के होते आणि बोटांनी वाजवायचे असेल तर शास्त्रीय गिटार घ्या, असे मला सांगण्यात आले. मीही ते मान्य केले. स्वर सगळे बरोबर बसत होते, वेगही थोडाफार येत होता, पण ऐकताना ते गाणे वाटत नव्हते. कोणीतरी सपाट आवाजात पाठ म्हणून दाखवत आहे असे वाटत होते. पिकने छेडलेले स्वर साधारण एकाच वजनाचे निघतात. तीन बोटांनी छेडलेल्या प्रत्येक स्वराचे वजन वेगळे असते: अंगठ्याच्या मांसल भागाने काढलेला स्वर जाड आणि गोल येतो, तर तर्जनीने तार थोडी वर उचलून सोडली की ती पट्टीवरच्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या दांडीवर, आपटते आणि ठणकन आवाज येतो. एकाच ओळीत दोन स्वर हळुवार, तिसरा ठणठणीत, चौथा जेमतेम ऐकू येईल इतकाच, अशी जी चढउतार नॉफ्लर यांच्या वादनात ऐकू येते, तिचा उगम या बोटांत आहे.

सुरुवात कशी करावी, हे एका साध्या अभ्यासातून सांगतो. डी मायनर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) धरा: चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तिसऱ्या फ्रेटवर आणि पहिली पहिल्या फ्रेटवर. चौथी तार अंगठ्याने, तिसरी तर्जनीने, दुसरी मध्यमेने, पुन्हा तिसरी तर्जनीने, या क्रमाने अगदी सावकाश छेडत राहा. चारही स्वर एकसारखे येऊ लागले की फक्त तर्जनीला जोर द्या आणि बाकीचे स्वर मऊ ठेवा. मग जोर मध्यमेवर न्या. डाव्या हाताला यात काहीच काम नाही, आणि तेच अपेक्षित आहे. मी हा अभ्यास रोज पंधरा मिनिटे, साधारण तीन महिने केला. पहिल्या आठवड्यात तर्जनीच्या टोकाला फोड आला, तो फुटला, मग कातडी जाड झाली. नखे वाढवण्याच्या फंदात मी पडलो नाही, कारण या वादनाचा गोडवा बोटाच्या मांसल टोकातून येतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे स्वर थांबवणे. तार छेडली की ती वाजत राहते. पुढचा स्वर काढण्याआधी उजव्या हाताचे बोट त्याच तारेवर अलगद टेकवले की ती गप्प होते. नॉफ्लर यांच्या वादनात शांततेच्या ज्या बारीक फटी ऐकू येतात, त्या अशा टेकवलेल्या बोटांनी पडतात. नवशिक्यांना स्वर काढण्याची घाई असते आणि तो कधी संपवायचा याचा विचार नसतो, म्हणून त्यांचे वादन चिखलात चालल्यासारखे होते. मी माझे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले, तेव्हा एका ओळीत किमान चार ठिकाणी दोन स्वर एकमेकांत मिसळलेले सापडले.

आता गाण्याकडे येऊ. ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ डी मायनरमध्ये आहे. पेटी शिकलेल्या वाचकांच्या भाषेत सांगायचे तर षड्ज पांढरी दोनवर धरायचा. कडव्याच्या सुरुवातीला डी मायनर, सी, बी फ्लॅट आणि ए असे कॉर्ड एकेक पायरी खाली उतरतात. लहानपणी मी काही वर्षे पेटी शिकलो होतो आणि त्या शिक्षणाचा मला इथे फार उपयोग झाला. सी कॉर्डमधला सी म्हणजे पांढरी एक, आपला कोमल निषाद. पण ए कॉर्ड आला की त्यात सी शार्प असतो, म्हणजे काळी एक, शुद्ध निषाद. एकाच ओळीत आधी कोमल आणि मग शुद्ध निषाद येतो, आणि शुद्ध निषाद आला की कान षड्जाकडे ओढला जातो. नॉफ्लर ए कॉर्डवर हा स्वर मुद्दाम दाखवतात. अनेक विद्यार्थी एकच स्केल, म्हणजे ठरावीक स्वरांचा संच, पाठ करून सर्व कॉर्डवर तेच पाच स्वर फिरवतात. त्यांच्या वादनात हा शुद्ध निषाद येतच नाही आणि गाण्याचा सगळा ओढा नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक कॉर्डचे स्वर स्वतः म्हणून पाहावेत आणि मगच पट्टीवर शोधावेत, असा माझा आग्रह आहे.

या गाण्यात गिटार नेमके काय करते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गायकाची ओळ संपते, दुसरी सुरू व्हायची असते, आणि त्या मोकळ्या जागेत गिटार दोन-चार स्वरांचे उत्तर देते. आपल्याकडे गायकाच्या मागे पेटीवाला जशी साथ करतो, गायक श्वास घेईल तेवढ्या वेळात जागा भरतो आणि तो पुन्हा गाऊ लागला की मागे सरतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की इथे गाणारा आणि साथ करणारा एकच माणूस आहे. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी गाणे म्हणायला लावतो. गळा कसाही असो, ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे अंगात मुरले पाहिजे. मी स्वतः महिनाभर फक्त कॉर्ड वाजवत गाणे म्हणत राहिलो, आणि एके दिवशी दुसऱ्या कडव्यातल्या एका ओळीनंतर बोटे आपोआप तारेवर गेली व तीन स्वरांचे उत्तर निघाले. ते मूळ रेकॉर्डवरचे उत्तर नव्हते, पण बरोबर जागी पडले होते. त्या संध्याकाळी झालेला आनंद मला अजून आठवतो.

शेवटच्या वेगवान तुकड्याविषयी बोलायला आता हरकत नाही. गाण्याची लय मिनिटाला सुमारे १५० ठोक्यांची आहे आणि त्या तुकड्यात एका ठोक्यात चार स्वर येतात, म्हणजे सेकंदाला दहाच्या आसपास. आकडा ऐकून छाती दडपते, पण रचना अवघड नाही. एकेका कॉर्डचे तीन स्वर वरच्या तारांवर फिरत राहतात आणि त्यांतला एक स्वर पुल-ऑफने, म्हणजे डाव्या हाताचे बोट तारेवरून ओढून उचलून, निघतो. त्यामुळे उजव्या हाताचे काम हलके होते. डी मायनरमध्ये डी, एफ आणि ए हे स्वर आहेत. बी फ्लॅटमध्ये बी फ्लॅट, डी आणि एफ. दोन स्वर तेच, एकच बदलतो. हे लक्षात आले की पाठांतराचा निम्मा भार उतरतो. मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मी मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला चार ठोके वाढवले. ११० च्या पुढे माझे मनगट आखडू लागले, तेव्हा महिनाभर तिथेच थांबलो. मनगट आखडलेले असताना वेग वाढवणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण देणे, आणि तळहात दुखू लागला तर वाजवणे तत्काळ थांबवावे.

उपकरणांवर नवशिके फार पैसे घालवतात, म्हणून थोडे सांगतो. पहिल्या अल्बमचा आवाज फेंडर स्ट्रॅटोकास्टर या गिटारचा, ब्रिजजवळचा (ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती जागा) आणि मधला पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) एकत्र चालू ठेवल्यावर मिळणारा, स्वच्छ आणि किंचित पोकळ आवाज आहे. त्या घडणीची कोणतीही साधी गिटार चालते. पाच जागांच्या स्विचवर ब्रिजकडून दुसरी जागा निवडावी आणि अँप्लिफायरचे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारी सोय, बंद ठेवावे. डिस्टॉर्शनमध्ये हळू आणि जोरात छेडलेला स्वर एकाच पातळीवर येतो, आणि तीन महिने केलेली बोटांची मेहनत ऐकूच येत नाही.

हे गाणे नॉफ्लर यांनी आधी धातूच्या रेझोनेटर गिटारवर (आतल्या धातूच्या शंकूने आवाज मोठा करणारी गिटार) रचले होते आणि तेव्हा ते त्यांना निस्तेज वाटले होते. स्ट्रॅटोकास्टर हाती आल्यावर त्यात जीव आला, असे त्यांनीच सांगितले आहे. वाद्य बदलले की गाणे कसे बदलते, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पुण्यात आम्ही चार जण दर रविवारी सकाळी एकत्र वाजवायला बसतो आणि आमचा एक वाद अनेक वर्षे चालू आहे. एका मित्राचे म्हणणे असे की सोलो, म्हणजे गिटारचा एकटीचा तुकडा, मूळ रेकॉर्डबरहुकूम, स्वरानस्वर वाजवावा. त्यात फरक करणे म्हणजे गाण्याचा अपमान. दुसरा म्हणतो की नक्कल करण्यात काय हशील? मला वाटते याचे उत्तर बँडनेच दिले आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये १९८३ च्या जुलैत झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण ‘अल्केमी’ या नावाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हेच गाणे दहा मिनिटांहून अधिक चालते, आणि रेकॉर्डवरचे ओळखीचे तुकडे मधूनमधून भेटत असले तरी त्यांच्यामध्ये कितीतरी नवे रचले जाते. म्हणून नवशिक्याने १९७८ चा सोलो आधी जसाच्या तसा बसवावा, कारण त्यातून वाक्य कसे बांधायचे ते कळते. आणि मग ‘अल्केमी’ ऐकून कोणते तुकडे कायम राहिले व कोणते बदलले, ते वहीत टिपून काढावे. ही टिपणे मी केली तेव्हा लक्षात आले की बदललेल्या तुकड्यांतही कॉर्ड बदलताना पडणारे स्वर जागचे हललेले नाहीत. तो पहिला मित्र अजून पटवून घेत नाही, आणि त्याच्या अचूकपणाचा आम्हा तिघांना फायदाच होतो.

पुढे कोणती गाणी घ्यावीत, याचा क्रम माझ्या अनुभवावरून सांगतो. १९८५ च्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बममधले ‘वॉक ऑफ लाइफ’ तीन कॉर्डवर उभे आहे आणि लय पक्की करायला उत्तम आहे. १९८० चे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ जरा थांबून घ्यावे, कारण त्यासाठी तारा वेगळ्या सुरात, ‘जी’ (G) या कॉर्डच्या स्वरांत, लावाव्या लागतात. पण बोटांचा अभ्यास झालेला असेल तर सुरुवातीचे ते झुळझुळणारे स्वर लवकर हाती येतात. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हे शीर्षकगीत सगळ्यांत शेवटी. ते संथ आहे म्हणून लोक ते सोपे समजतात. त्यात तार खेचून स्वरापर्यंत पोहोचायचे असते, सतारीवर मींड घेतात तसे, आणि स्वर केसभर जरी खाली राहिला तरी त्या संथ लयीत लपायला जागा नसते. पियानोच्या ॲपवर अपेक्षित स्वर वाजवून, डोळे मिटून, तार त्या स्वराला भिडेपर्यंत खेचण्याचा अभ्यास मी गेले वर्षभर करत आहे. दहापैकी सात वेळा आता स्वर नेमका लागतो. उरलेल्या तीनांसाठी रविवारी सकाळी बाकीचे येण्याआधी मी अर्धा तास लवकर जाऊन बसतो.