टॉवेल 'वेअर ऑफ' होत नाही: घासण्या-झिजण्याच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरींच्या कारखान्यात ऑफिस सांभाळणाऱ्याला परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत बोलावं लागतंच. तक्रारीच्या ईमेलला उत्तर देताना 'द टॉवेल हॅज वोर्न ऑफ' असं लिहून बसलात, तर समोरच्याला वाटेल की टॉवेलच कशावरून तरी घासून निघून गेला.

'वेअर ऑफ'चा कर्ता म्हणजे वस्तूच्या अंगावरून जे निघून जातं ते. रंग, छपाई, पॉलिश, दागिन्याचा मुलामा. वस्तू जागच्या जागी असते. म्हणून 'द प्रिंट हॅज वोर्न ऑफ' बरोबर. टॉवेलच विरून पोतेऱ्याच्या लायकीचा झाला असेल, तर तो 'वोर्न आउट'. भुईकोट किल्ल्यातली एखादी दगडी पायरी पावलांनी हळूहळू झिजत गेली असेल, तर तिथे 'वोर्न अवे'. क्रियापदांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा आधी एवढंच विचारा: नेमकं गेलं काय, वरचा थर की वस्तू?

'रंग गेला' हे वाक्य सर्वांत जास्त घोळ घालतं. मराठीत ते कुठेही चालतं. इंग्रजीत मात्र तो कशाने गेला यावर क्रियापद बदलतं. धुताना पाण्यात उतरला तर 'द कलर रॅन', उन्हाने विटला तर 'फेडेड', घासून दुसऱ्या कापडाला लागला तर 'रब्ड ऑफ'. हा नुसता व्याकरणाचा कीस नाही, कारण प्रत्येक दोषाची चाचणी वेगळी. घासण्याची चाचणी क्रॉकमीटरवर होते. पांढरं सुती कापड नमुन्यावर 10 वेळा मागेपुढे घासतात, एकदा कोरडं, एकदा ओलं, आणि डाग 1 ते 5 च्या ग्रे स्केलवर जोखतात. 5 म्हणजे डागच नाही. ग्राहकाने 'रबिंग ऑफ' लिहिलं असताना तुम्ही धुलाईचा रिपोर्ट पाठवलात, तर भांडण वाढणारच.

रंग कशाला लागला हे सांगताना 'ऑफ'नंतर 'ऑन' येतो: 'द डाय रब्ड ऑफ ऑन द सोफा.' दोन शब्द लागोपाठ खटकतात म्हणून अनेकजण एक गाळतात किंवा 'टू' घालतात. तसं करू नका. हेच 'रब ऑफ ऑन' माणसांनाही लावतात. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागला, तो अगदी याच क्रियापदाने.

भूतकाळात 'वेअर्ड' असं रूपच नाही. 'वोअर' आणि 'वोर्न' एवढीच. सर्वनाम आलं की ते मधे बसतं: 'वोअर इट अवे', 'वोअर अवे इट' नव्हे. आणि दाताच्या डॉक्टरांकडून आल्यावर 'द नंबनेस वोअर ऑफ' म्हणालात, तर बधिरपणा उतरला असाच अर्थ होतो. तिथे घासण्याचा काही संबंध नाही.