बाउंड्री वॉटर्सला पहिल्यांदा कनू घेऊन जाताय? या चुका टाळा

बाउंड्री वॉटर्स म्हणजे अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाला लागून असलेलं तलावांचं जंगल, तिथे कनूने, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होडीने फिरायचं. मे महिना लागला की मिनेसोटातल्या ओळखीच्या मराठी घरांतून एक फोन ठरलेला, "आम्हाला पण बाउंड्री वॉटर्सला जायचंय, पुढच्या महिन्यात, काय काय घ्यायचं सांगा." सांगते ना, मनापासून सांगते, पण सामानाची यादी नंतर, आधी परमिट. रात्री राहायचं असेल तर 1 मे ते 30 सप्टेंबर कोट्याचं परमिट लागतं, प्रत्येक एंट्री पॉइंटवरून दिवसाला ठरावीकच ग्रुप आत सोडतात आणि बुकिंग जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी 9 वाजता उघडतं. जुलैमधले चांगले शनिवार-रविवार लगेच जातात. मे मध्ये बघायला बसलात तर उरलेसुरलेच मिळणार, मग एक तर मधले वार घ्या नाहीतर कोणी कॅन्सल केलंय का ते रोज बघत राहा.

परमिट ज्याच्या नावावर आहे त्यानेच ते जाऊन घ्यायचं असतं, दुसऱ्या कोणाला देत नाहीत. बुक करतानाच पर्यायी लीडरची नावं टाकायची सोय असते, ती कृपया टाका. आमच्या ओळखीत एकाने फक्त स्वतःचं नाव टाकलं, आदल्या दिवशी त्यालाच ताप आला आणि सगळ्यांची ट्रिप घरीच संपली. अजून एक, ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 9 माणसं आणि 4 कनू. आपल्याकडे तीन कुटुंबं म्हटली की पोरंबाळं धरून 11-12 होतातच. दोन परमिट काढली तरी पाण्यावर, तलावांमधल्या वाटेवर किंवा मुक्कामाच्या साइटवर कुठेही एकत्र येऊन 9 च्या वर जायचं नाही, त्यामुळे "आत गेल्यावर भेटू" हा प्लॅन करू नका.

जागा केवढी आहे ते डोळ्यासमोर आणा. सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमधलं साधारण 11 लाख एकर जंगल, हजारावर तलाव, आणि पलीकडे कॅनडा. बहुतेक तलावांवर मोटरबोट चालत नाही, आत दुकान नाही, फोनला रेंज जवळजवळ नाहीच. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माझ्या लोकांची इथेच गल्लत होते, ते फिट असतात, राजगड-तोरणा केलेला असतो, पण तिथे उशीर झाला तर खालच्या वाडीत कोणीतरी ओसरीवर पडायला जागा देतंच, चहा पण होतो. इथे जे नेलं तेच आणि जेवढं वल्हवलं तेवढंच.

आणि म्हणून सगळ्यात मोठी चूक, जी आम्ही पण पहिल्या वर्षी केली, ती म्हणजे नकाशावर बोट फिरवून रोज 12-15 मैलांचा रूट आखणं. एका तलावातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सामान खांद्यावर घेऊन जंगलातून चालायचं असतं, त्याला पोर्टाज म्हणतात आणि त्याची लांबी नकाशावर रॉडमध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. 180 रॉड वाचून काही वाटत नाही, पण ते 900 मीटर होतात, आणि सगळं सामान एका खेपेत गेलं नाही (पहिल्यांदा जात नाहीच) तर एकदा नेणं, रिकामं परत येणं, पुन्हा नेणं असं पावणेतीन किलोमीटर चालणं होतं, तेही दगड, मुळं आणि चिखलातून. असे दिवसात तीन आले की अंधार पडायच्या आत साइट मिळेल की नाही याचीच काळजी. पहिल्या ट्रिपला दिवसाला 5-6 मैल आणि दोन छोटे पोर्टाज, बास.

सामान हातात लोंबकळणारं नको. पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या, कॅमेरा सगळं पाठीवरच्या पॅकमध्ये कोंबा, पोर्टाजवर सुट्या वस्तूच मागे राहतात. आणि भाड्याने केव्हलार या हलक्या कृत्रिम धाग्याची कनू घ्या, 40-45 पाउंडांत येते, अॅल्युमिनियमची 70 च्या आसपास असते. पण केव्हलार नाजूक असते, ती दगडी काठावर खस्सकन नेऊन आपटायची नाही, काठाच्या थोडं आधीच पाण्यात उतरायचं आणि उचलून घ्यायची. म्हणजे पाय ओले होणारच, ते टाळायला जाऊ नका. एक जोडी ओली करायची आणि एक फक्त कॅम्पवर, असे दोन जोड बूट न्या. जीन्स अजिबात नको.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथे जिवाशी गाठ असते. सकाळी तलाव आरशासारखा असतो, दुपारी वारा उठतो आणि सॅगनागा, बासवुड, ब्रूल असल्या मोठ्या तलावांवर लाटा येतात. सकाळी 6 ला निघा, दुपारपर्यंत साइटवर पोचा, मोठं पाणी मधून कापण्यापेक्षा काठाकाठाने जा, आणि वारा वाढला तर गपचूप काठाला लागून थांबा. परतायचा दिवस असला, सोमवारी ऑफिस असलं तरी थांबाच. म्हणून एक दिवसाचं जास्तीचं जेवण ठेवायचं. ढग गडगडले की तर लगेच पाण्याबाहेर.

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवून काही उपयोग नाही. कायद्याने 10 वर्षांखालच्या मुलांना ते घालावंच लागतं, पण मी म्हणते सगळ्यांनी घाला, पोहता येतं त्यांनी पण. बर्फ एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो, हवा 20 डिग्री असली तरी पाणी भयंकर गार असतं. अशा पाण्यात पडलं की पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, साधारण दहा मिनिटांत हातपाय कामातून जायला लागतात, म्हणजे चांगला पोहणारा पण काठ गाठेलच असं नाही. उलटलात तर कनूला धरून राहा.

जेवणाकडे येते. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद टिन आत न्यायला बंदी आहे. त्यामुळे कैरीच्या लोणच्याची बरणी, तुपाची काचेची बाटली घरीच प्लास्टिकच्या डब्यात ओता, नाहीतर ऐनवेळी गाडीत ठेवून जावं लागतं. आमच्याकडे दडपे पोह्यांचं सामान, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मुगाच्या खिचडीची पाकिटं असतात, छान भागतं. तळणीच्या फंदात पडू नका, उरलेलं तेल टाकायला जागा नाही आणि वासाने अस्वल येतं. काळी अस्वलं तिथे आहेतच. खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा रात्री टेंटमध्ये नको, एक तर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा जमिनीपासून 12 फूट वर आणि खोडापासून 6 फूट लांब टांगून. दोरी टाकायचं काम उजेडातच करा, अंधारात फांदी सापडत नाही. भांडी तलावात धुवायची नाहीत, पाणी घेऊन काठापासून 150 फूट तरी आत जायचं.

पाणी चहासारखं दिसलं तर घाबरू नका, तो झाडापाल्याचा रंग असतो. पण स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका, जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो, फिल्टर करा किंवा उकळा.

कॅम्पसाइट बुक होत नाही, जो आधी येईल त्याची. नकाशावरच्या ठरलेल्या साइटवरच राहायचं, लोखंडी शेगडी आणि मागे उघडा संडास ही त्याची खूण. चूल त्याच शेगडीत, आणि निघताना राखेत हात घालून गार लागेपर्यंत पाणी ओता. निघायच्या आधी आगीवर बंदी आहे का ते विचाराच. 2011 ला वीज पडून लागलेली पगामी क्रीकची आग सप्टेंबरच्या वाऱ्यात 92 हजार एकरांवर पसरली होती, त्यामुळे तिथल्या माणसांसाठी हा साधा नियम नाहीये.

डास जून-जुलैला, काळ्या माशा मेअखेरपासून जूनपर्यंत. हेडनेट स्वस्त मिळतं, घ्याच. गोचिडी रोज संध्याकाळी अंगावर तपासा, मुलांच्या कानामागे पण. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट सगळ्यात बरा, डास कमी, पाणी त्यातल्या त्यात कोमट.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा हो, एवढी विनंती. पाण्यावरून आवाज फार लांब जातो आणि रात्री लून पक्षी ओरडतो ना, तो ऐकायला माणसं वर्षभर थांबलेली असतात.

आणि अगदीच पहिल्यांदा असाल तर टोफ्टे गावाहून आत सॉबिल लेकवर जा. तिथून ऑल्टन लेकचा पोर्टाज फक्त 30 रॉडचा आहे. दोन रात्री एकाच साइटवर काढा. तेवढंही नको असेल तर ईली गावाजवळ हेगमन लेकला दिवसाची ट्रिप करा, त्याचं परमिट फुकट आहे, फॉर्म आपणच भरायचा. 80 रॉड उतरून पाण्यावर आलं की पुढच्या तलावात कड्यावर जुनी लाल चित्रं आहेत, माणूस, मूस (मोठं हरीण), कनू. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांना ती पवित्र आहेत. कनूतूनच बघा, हात लावू नका.