ऊन तापायच्या आधी बागेची मजा कशी घ्यायची

गरम हवेच्या ठिकाणी वसंत म्हणजे बागेचा खरा सीझन, पिटुनिया, झेंडू सगळं एकदम फुलतं, म्हणून आत्ताच खुर्ची बाहेर टाका आणि सकाळचा चहा तिथेच घ्या. सुकलेली फुलं रोज खुडत राहा, नाहीतर झाड बिया धरायच्या मागे लागतं आणि नवीन कळ्या कमी होतात.

पाणी सकाळी लवकर, आणि घड्याळ बघून नाही, तर बोट मातीत दोनेक इंच खुपसून, आत ओल लागली तर राहू द्या. दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाईप घेऊन धावायचं नाही, बऱ्याचदा झाड फक्त उन्हापासून स्वतःला वाचवत असतं, संध्याकाळी परत ताठ होतं. नाही झालं तर मात्र पाणी हवंच. मातीवर वाळक्या पानांचा 2-3 इंच थर द्या, खोडाला चिकटवू नका, बुंधा कुजतो.

टोमॅटोला फुलं येऊन गळायला लागली तर खताचा मारा करू नका, दिवसा 35 अंशांच्या वर परागकण नीट काम करत नाहीत, एवढंच कारण असतं बहुतेक वेळा. दुपारपुरती 30 ते 50 टक्के सावलीची नेट बांधा. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) समजा, पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा.

उन्हाळा लागला की बसायची वेळ संध्याकाळवर न्या, मोगरा तेव्हाच उमलतो.