लांब पल्ल्याचं करिअर आणि रविवारची इनामं

पोलीस भरतीत १६०० मीटर ५:१० च्या आत मारलं की पूर्ण वीस गुण. त्यामुळे पुण्यात कुठल्याही भरतीच्या ग्राउंडवर पोरगा पाच मिनिटांच्या आत आला की आजूबाजूचे लगेच ‘हा नॅशनल मारणार’ म्हणायला लागतात. जरा दमानं घ्या. १६०० ला ४:५० म्हणजे १५०० ला साडेचारच्या आसपास. भारताचा धावपटू जिन्सन जॉन्सन २०१९ मध्ये बर्लिनला हेच १५०० मीटर ३:३५.२४ मध्ये पळाला. मधलं जवळपास एक मिनिट भरतीच्या पद्धतीनं, म्हणजे रोज सकाळी १६०० जीव तोडून मारून, कधीच भरून निघत नाही.

पण नीट सरावानं ते भरून निघतं, हेही खरं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि क्रॉस कंट्रीकडे वळला तो २०१५ मध्ये. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८:२९.८० पळून त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याची वेळ होती ८:०९.९१. वीस सेकंदांना सहा वर्षं लागली. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं ‘माझं वय गेलं’ म्हणत बसू नये.

पोरांना वय खात नाही, रविवारच्या इनामी मॅरेथॉन खातात. कुणाचा वाढदिवस, कुठली जयंती, कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन, थंडी सुरू झाली की आठवड्याला एक तरी असतेच. पाच किंवा दहा किलोमीटर, पहिल्या पाचाला रोख बक्षीस, वर चषक. शनिवारी रात्री एसटीनं जायचं, कुणाच्या तरी खोलीवर पडायचं, पहाटे पळायचं आणि संध्याकाळपर्यंत पुण्यात परत. रूमचं भाडं, मेसचे पैसे निघतात, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही. फक्त हिशोब नीट मांडा.

रविवारी दहा किलोमीटर डांबरावर पूर्ण जोर लावला की सोमवार-मंगळवार पाय जड. बुधवारी ट्रॅकवर इंटरव्हल (थोडं जोरात, मग थोडं हळू, असे तुकडे) अर्धवट. शुक्रवारपासून ‘रविवारी पळायचंय’ म्हणून हात राखून. म्हणजे आठवड्यात धड वर्कआउट एक, तोही बरा झाला तर. बारा आठवड्यांत नीट तयारी करणारा चोवीस चांगले वर्कआउट आणि बारा लाँग रन (लांब, सावकाश पळणं) जमा करतो. इनामवाल्याकडे बाराच वर्कआउट, आणि लाँग रन जवळजवळ शून्य, कारण तो रविवारीच व्हायचा असतो. लांब पल्ल्याचं इंजिन हळू पळण्यातून बनतं. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढणं, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढणं, ही महिन्या-महिन्यांची कामं आहेत. दर आठवड्याला शर्यत मारणारा आहे तेवढंच इंजिन पिळत राहतो. पहिला सीझन भारी जातो, दुसरा तसाच, तिसऱ्यात वेळ मागे येते आणि मग खापर कोचवर नाहीतर बुटांवर.

दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. या शर्यतींचं अंतर बऱ्याचदा बाइकच्या मीटरवर मोजलेलं असतं. कोर्स साडेनऊ किलोमीटरचा असेल आणि तुम्ही ३१ मिनिटांत आलात, तर खरी वेळ ३२:३८ आहे. पोरगा मात्र ‘मी एकतीसचा’ म्हणून जिल्हा स्पर्धेत उतरतो आणि ट्रॅकवर २५ लॅपच्या (४०० मीटरचा एक, म्हणजे दहा किलोमीटर) शर्यतीत एकतिसाच्या गतीनं सुटतो. शिवाय पळायची सवयही बिघडते. इनामी शर्यतीत पहिला किलोमीटर २:५० नं फोडायचा आणि मग लटकत यायचं. ट्रॅकवर १६ मिनिटांचं ५००० म्हणजे प्रत्येक लॅप ७६ ते ७७ सेकंद. पहिला लॅप ६८ गेला की आठव्या लॅपला पाय थांबतात, आणि त्यानंतर साडेचार लॅप शिल्लक असतात.

म्हणून दोन महिन्यांत एकच इनामी शर्यत, तीही अंतर नीट मोजलेली. राज्य स्पर्धेआधीचे तीन आठवडे एकही नाही. पैशांची गरज खरीच असेल तर मोठ्या बक्षिसाच्या दोन-तीन शर्यती निवडा आणि त्या सरावात बसवा. गल्लीतल्या बारा नकोत.

आठवडा साधा ठेवा. ५००० ला १६ मिनिटांच्या आसपास असलेल्या मुलाला ७० ते ८० किलोमीटर पुरे. मंगळवारी ट्रॅकवर १२ वेळा ४००, प्रत्येक ७५ ते ७६ सेकंदांत, मध्ये एक मिनिट हळू जॉग. शुक्रवारी २५ मिनिटं सलग, किलोमीटरला ३:३० ते ३:३५. रविवारी १६ ते १८ किलोमीटर सावकाश. सोमवारी सुट्टी. बाकीचे दिवस ४:३० ते ४:५० नं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असं. हेच कुणाला जमत नाही. तळजाईवर मागून कुणी ओव्हरटेक केलं की इज्जतीचा प्रश्न होतो. जाऊ द्या त्याला पुढे.

ट्रॅकसाठी सारसबागेजवळचं सणस मैदान किंवा बालेवाडी. बाकीचं पळणं तळजाई, वेताळ टेकडी किंवा विद्यापीठाच्या मातीवर करा, डांबर कमीत कमी. सिंहगड चढून ‘अल्टिट्यूड’ (उंचावरच्या विरळ हवेतला सराव) होत नाही, तो जेमतेम १३०० मीटर आहे. ताकदीसाठी जा, हवेसाठी नको. आणि रस्त्यावरचे जाड सोलचे कार्बन बूट ट्रॅकच्या शर्यतीत चालत नाहीत. तिथे सोलची मर्यादा २० मिलीमीटर आहे. उधारी करून ते घेण्याआधी साधे दोन जोड आणि एक स्पाइक (ट्रॅकचे खिळ्यांचे बूट) घ्या.

नडगी दुखते म्हणून सगळेच बर्फ लावतात. आतल्या कडेनं लांबवर दुखत असेल तर अंतर निम्मं करा, मातीवर पळा, बहुतेक वेळा उतरतं. पण बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसतही नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून पळालेल्यांचा अख्खा सीझन जातो.

मुलींनी आणि शाकाहारी मुलांनी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं. हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन तळाला, आणि पोरगी मात्र ‘आळशी झाली’ म्हणून शिव्या खातेय, हे सर्रास चालतं. जेवणाबरोबर चहा बंद, उसळीवर लिंबू पिळा, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि सलाईन. अशक्तपणा आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटली चढवून यायची आपल्याकडे सवयच आहे. डोपिंगच्या नियमात १२ तासांत १०० मिलीलीटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं निषिद्ध आहे, रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासण्या सोडून. बाटली असते ५०० ची. आत नुसतं ग्लुकोज होतं, हे कारण चालत नाही. बिनलेबलच्या पावडरीचंही तसंच. दिली कुणीही असो, नमुन्यात काही सापडलं तर जबाबदार तुम्ही.

अशा बाटल्या आणि पावडरी सुचवणारे ‘सर’ अकॅडम्यांमध्ये भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा, राष्ट्रीय पदकं दाखवली तरी. केनियन खेळाडूचा प्लॅन ग्रुपवर टाकणारेही कामाचे नाहीत. चांगला कोच ओळखायचा तर दोन गोष्टी बघा: त्याच्या वहीत प्रत्येक पोराची वेळ लिहिलेली असते, आणि तो अधूनमधून ‘आज पळू नकोस’ म्हणतो. फी, टी-शर्ट, फ्लेक्सवरचे फोटो यांवरून काही कळत नाही.

कागदांचं आत्ताच बघा, नंतर कुणी मदत करत नाही. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण मिळतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांवर, तेही क्रीडा विभागानं प्रमाणपत्र पडताळल्यावर. इनामी मॅरेथॉनचे चषक भिंतीवर कितीही असले तरी तिथे उपयोग शून्य. जिल्हा संघटनेकडे नोंदणी करताना नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, आणि प्रत्येक स्पर्धेचा अधिकृत निकाल त्याच आठवड्यात डाउनलोड करून ठेवा. वर्षभरानं तो मागायला गेलात की हेलपाटे सुरू होतात.