नामाला पार्टिसिपल जोडताना या चुका टाळा

‘हू, व्हिच काढा, क्रियापदाला आयएनजी लावा, झालं!’ इंग्रजीत नामाला पार्टिसिपल (क्रियापदाचं विशेषणासारखं वापरलेलं रूप) जोडायची गाइडातली ही युक्ती ज्याने काढली, त्याचे पेपर मला एकदा तपासायचेत. ‘द मॅन हू इज स्टँडिंग नियर द गेट’चं ‘द मॅन स्टँडिंग नियर द गेट’ होतं, तिथवर सगळं ठीक. त्यापुढे ही युक्ती पोरांना तोंडघशी पाडते.

सगळ्यात मोठा घोळ ‘-लेला’चा. ‘चावलेला कुत्रा’ म्हणजे ज्याने चावा घेतला तो, आणि ‘कुत्रा चावलेला मुलगा’ म्हणजे ज्याला चावा बसला तो. दोन्हीकडे रूप तेच, आणि मराठीत आपलं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. नाम स्वतः क्रिया करत असेल तर आयएनजी, नामावर क्रिया झाली असेल तर तिसरं रूप (‘बिटन’, ‘ब्रोकन’).

माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एका गृहस्थांनी ऑफिसात रजेचा अर्ज दिला: ‘आय हॅव टु टेक माय सन बायटिंग अ डॉग टु द हॉस्पिटल.’ साहेबांनी रजा मंजूर केली आणि कुत्रा कसा आहे म्हणून चौकशीही केली. गृहस्थ अर्जाची कॉपी घेऊन माझ्याकडे हजर. ‘सर, आयएनजी तर लावलंय की!’ अहो, तिथेच तर पोरगं कुत्र्याला चावलं. असल्या ठिकाणी सरळ दोन वाक्यं करावीत: ‘अ डॉग हॅज बिटन माय सन. आय हॅव टु टेक हिम टु द हॉस्पिटल.’ आणि वर्गात क्लॉजच, म्हणजे नामाला जोडलेला पार्टिसिपलचा शब्दगटच हवा असेल, तर ‘द बॉय बिटन बाय अ डॉग’. मी मुलांना आधी नामावर बोट ठेवायला लावतो आणि विचारतो, याने केलं की याला झालं? उत्तर येईपर्यंत पेन खाली. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, नसू दे.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ‘-णारा’ची. ‘काल काच फोडणारा मुलगा’ मराठीत खपून जातं. ‘द बॉय ब्रेकिंग द विंडो यस्टरडे’ खपत नाही. नामानंतर येणारं आयएनजी चालू असलेली गोष्ट किंवा कायमची स्थिती दाखवतं, जसं ‘द रोड लीडिंग टु द स्टेशन’. एकदा घडून संपलेल्या गोष्टीला ‘द बॉय हू ब्रोक द विंडो’ असंच म्हणायचं. काही हुशार मंडळी इथे ‘हॅविंग ब्रोकन’ घुसडतात. ते आणखी वाईट. ‘हू’ ठेवलं म्हणून कोणी अडाणी ठरत नाही.

‘आलेले पाहुणे’ म्हणजे ‘द अराइव्ह्ड गेस्ट्स’ नव्हे. अकर्मक क्रियापदांचं तिसरं रूप असं सहसा लागत नाही. ‘फॉलन लीव्ह्ज’, ‘रिटायर्ड टीचर’ असे मोजके अपवाद आहेत, ते पाठ करा.

जागा: एकटा शब्द नामाच्या आधी, शेपूट असेल तर नंतर. ‘अ ब्रोकन विंडो’, पण ‘अ विंडो ब्रोकन बाय द बॉल’.

आणि क्लॉज ज्याचा, त्याला खेटून ठेवा. ‘आय सॉ द बस ड्रिंकिंग टी ॲट द स्टॉप’ लिहिलंत, तर चहा बसने प्यायला.