आंटींच्या हाताखाली: व्हिक्टोरियातल्या कौटुंबिक हिंसाचार सेवेत काम करताना

मेलबर्नला मास्टर ऑफ सोशल वर्क करायला आलेली मराठी मुलं-मुली हल्ली हमखास विचारतात, की अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, कुटुंबांसाठीच्या 'कल्चरल हीलिंग'मध्ये शिरायचं कसं, आणि पुढेमागे असा प्रोग्रॅम आपल्याला चालवता येईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही. तो चालवतात त्यांच्या समाजातल्या जाणत्या, मानाच्या बायका-पुरुष, ज्यांना सगळे आंटी, अंकल म्हणतात, आणि त्यांच्याच संस्था. आपण त्यांच्या हाताखाली. हे पटत असेल तर पुढे वाचा, कारण त्या जागेवरही काम भरपूर आहे.

कागदोपत्री बाजू पटकन आटोपते. डिग्रीत १००० तासांचं फील्ड प्लेसमेंट असतं. व्हिक्टोरिया राज्यातल्या कौटुंबिक हिंसाचारावर नेमलेल्या चौकशी आयोगाचा, म्हणजे रॉयल कमिशनचा, अहवाल २०१६ मध्ये आला, २२७ शिफारशींचा. त्यातून मदतीसाठी जायची ऑरेंज डोअर केंद्रं आणि धोका जोखायची 'मराम' पद्धत आली. मरामचं ट्रेनिंग घ्या, मुलांसोबत काम करायला लागणारा वर्किंग विथ चिल्ड्रन चेक काढून ठेवा. अ‍ॅबोरिजिनल समाज आणि सरकार यांच्यातला कौटुंबिक हिंसाचाराबद्दलचा २०१८चा 'धेल्क जा' करार मात्र सावकाश वाचा. समाजाचे निर्णय समाजाने घ्यायचे, हा त्याचा गाभा आहे.

आपल्याकडून आलेल्यांना सगळ्यात जड जातं ते पोलिसांचं प्रकरण. मुंबईत टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) १९८४ साली पोलिसांच्या आवारातच स्पेशल सेल सुरू केला, आणि पीडित बाईला तिथेच समाजकार्यकर्ती भेटते ही आपल्याला सोय वाटते. इथे पोलीस घरी जाऊन आले की त्यांचा एल-सेव्हन्टीन रिपोर्ट आपल्याकडे येतो. आपण फोन करतो, आणि पलीकडची बाई 'सगळं ठीक आहे' म्हणून ठेवून देते. नवख्याला वाटतं, नवऱ्याला पाठीशी घालतेय. तिच्या डोक्यात असतात मुलं. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरण म्हणून अ‍ॅबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेली गेली, आणि न्यायला अनेकदा पोलीसच यायचे. १९९७च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालात त्या साक्षी आहेत. आजही सरकारी देखरेखीत जाणाऱ्या मुलांत या समाजाची मुलं लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. म्हणून पहिल्याच फोनवर सरळ विचारा: जिर्रासारख्या तुमच्या अ‍ॅबोरिजिनल संस्थेतल्या कुणाशी बोलायला आवडेल का? उत्तर गृहीत धरू नका. छोट्या गावात सगळेच नात्यातले निघतात, तेव्हा काहीजणींना मुद्दाम परकं माणूस हवं असतं. आणि मारणारा अ‍ॅबोरिजिनलच असेल असंही धरून चालू नका. पुष्कळदा तो नसतो.

हीलिंग म्हणजे प्रत्यक्षात काय? मी पाहिलंय ते असं. लांब टेबल, मध्ये रॅफियाच्या (ताडाच्या पानांच्या धाग्यांच्या) जुड्या, चहा, पायात येणारी पोरं. आंटी टोपलीचा तळ गुंफून दाखवतात. सगळ्यांची नजर हातांवर, त्यामुळे कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. बऱ्याच वेळाने एखादी सुई थांबवून एकच वाक्य बोलते. आंटी टाका पुरा करतात, मग तिच्या आजीचं नाव काढतात, आणि दोघी नातं जुळवत बसतात. इथे काउन्सेलिंगच्या सुरात 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' म्हणून मध्ये पडायचं नाही. आपल्याकडे गाडीची ने-आण, पोरं, आणि सेफ्टी प्लॅन, म्हणजे धोका आला तर काय करायचं त्याची आखणी. मारणारा माणूस दारात येऊन उभा राहणार असेल तर टोपल्या विणून काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे.

युनिव्हर्सिटीत 'ददिरी' (शांतपणे, मनापासून ऐकण्याची रीत) कानावर पडेल, मिरियम-रोझ उंगुनमर-बाउमन यांनी सांगितलेली. ती नॉर्दर्न टेरिटरीतल्या डेली नदीकाठची. व्हिक्टोरियातल्या आंटींसमोर ती फेकू नका. त्यांची कंट्री, म्हणजे पूर्वजांची भूमी, वेगळी, भाषा वेगळी.

सॉरी बिझनेस आला, म्हणजे कुणी गेलं, की ग्रुप पुढे ढकलला जातो, कधी महिनाभरही. फंडिंगच्या तक्त्यात तेव्हा हजेरी शून्य दिसते. ते मॅनेजरला समजावणं तुमच्याकडे येईल. आंटींना कन्सल्टंटइतके पैसे वेळेवर मिळतात का, तेही बघा. इन्व्हॉइस त्यांच्याकडे मागत बसू नका. तुम्हीच भरा आणि सही घ्या.